मॉन्ट्रियल : नवस फेडलेल्या माणसांचं गाव

यंदा जूनमध्ये लेकीकडे कॅनडातल्या मॉन्ट्रियलला तीन आठवडे राहून आले. यांचे गुडघे दुखतात म्हणून जावयांनी आधीच सगळं शहर एका दिवसात दाखवणाऱ्या बसची तिकिटं काढून ठेवली होती. त्यांचा हेतू चांगला होता, पण तुम्ही मात्र असली फेरी घेऊ नका. कानात वाजणारी माहिती आणि बस यांचा मेळच नव्हता, इमारत मागे पडल्यावर तिचं नाव कळायचं. मोठ्या चर्चपाशी उतरायला पंधरा मिनिटं दिली, त्यातली दहा रांगेत गेली. दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघं मेट्रोने आणि पायीच फिरलो. जिथे बाक दिसेल तिथे बसलो, आणि तेव्हा कुठे हे शहर दिसायला लागलं.

ते मोठं चर्च, म्हणजे नोत्र-दाम बासिलिका, पुन्हा बघायला गेलो. बाहेरून ती करड्या दगडाची, दोन उंच मनोऱ्यांची, जरा कडकच वाटते. आत पाऊल टाकलं आणि मी मान वर करून उभीच राहिले. सगळं छत गर्द निळं आणि त्यावर सोनेरी चांदण्या. खांबांपासून वेदीपर्यंत लाकडावर इतकं कोरीव काम, की डोळा ठरत नाही. खालच्या रंगीत काचा नीट बघा. चर्च म्हटल्यावर आपण बायबलमधल्या गोष्टी शोधतो, पण इथे या गावाचाच इतिहास काचेत उतरवलाय. त्या फ्रान्समधल्या लिमोजला घडवल्या. १८२४ ते १८२९ या काळात हे चर्च बांधणारा जेम्स ओ'डॉनेल मूळचा आयर्लंडचा आणि प्रॉटेस्टंट पंथाचा. शेवटच्या आजारात त्याने कॅथलिक पंथ स्वीकारला आणि त्याला याच चर्चच्या तळघरात पुरलं. पश्चिमेच्या मनोऱ्यात जवळजवळ अकरा टनांची घंटा आहे. आम्ही होतो तेव्हा ती वाजली नाही, याची चुटपुट लागून राहिली.

समोरच्या चौकात मेझॉनव्हचा पुतळा आहे. १६४२ साली त्याने आणि झान मॉन्सने मिळून ही वसाहत उभी केली. सगळे त्याचाच फोटो काढतात. तुम्ही चौथऱ्याला वळसा घाला. एका कोपऱ्यावर झान मॉन्स एका लहान मुलाच्या बोटाला पट्टी बांधतेय. इथलं पहिलं इस्पितळ तिनेच काढलं. मी पंचवीस वर्षं नर्स होते, त्यामुळे तो फोटो काढल्याशिवाय मला तिथून हलवेना.

आता मला जे खरं सांगायचंय ते. बासिलिकेपासून नदीच्या कडेने पंधरा-वीस मिनिटं चाललं की बोंसकूरचं छोटं चर्च लागतं. खलाशांचं चर्च म्हणतात त्याला. बोंसकूर म्हणजे वेळेला धावून येणारी. छपरावर येशूची आई मरियम बंदराकडे तोंड करून हात पसरून उभी आहे. आत छताला साखळ्यांनी गलबतं टांगलीत. शिडांची, डोलकाठ्यांची, हातभर लांब लाकडी गलबतं, आणि त्यांच्यात दिवे. वादळातून सुखरूप परतलेल्या खलाशांनी वाहिलेली. आमच्या यांनी एकवीस वर्षं मालवाहू जहाजांवर इंजिनं सांभाळली. आल्याआल्या हे एका गलबताच्या बरोबर खाली जाऊन उभे राहिले आणि दोर कुठून कुठे ओवलाय ते मला बोटाने दाखवायला लागले.

मी मात्र बाकावर बसले. १९८६च्या पावसाळ्यात यांच्या जहाजाची नऊ दिवस काही खबर नव्हती. लेक दीड वर्षाची. तेव्हा मी मुंबादेवीला बोललेला नवस आणि या दर्यावर्द्यांचा नवस यात मला तरी काही फरक दिसला नाही. आपल्याकडे कोळी दर्याला नारळ वाहतात, इथल्या खलाशांनी गलबतं वाहिली. तिथे किती वेळ बसले ते आठवत नाही. बासिलिका डोळ्यांत भरते, पण मला विचाराल तर शहरातली सगळ्यात मोलाची जागा हीच.

याच चर्चमध्ये मार्गरिट बूर्ज्वाच्या अस्थी आहेत. ही बाई १६५३ साली फ्रान्सहून आली आणि १६५८ साली तिने एका रिकाम्या तबेल्यात गावातली पहिली शाळा भरवली. नदीकाठी देऊळ हवं हा ध्यासही तिचाच. आधीचं दगडी चर्च १७५४ साली जळालं, आजचं १७७१ साली त्याच जागी उभं राहिलं. खाली तळघरात जुन्या पायाचे दगड बघता येतात. मनोऱ्यावर मी एकटीच चढले. वरून सेंट लॉरेन्स नदी आणि बंदराचा घड्याळमनोरा समोरासमोर दिसतात. तो मनोरा पहिल्या महायुद्धात गेलेल्या खलाशांच्या स्मरणार्थ बांधलाय. हे कळल्यावर यांनी तिथवर चालायचा हट्ट धरला आणि आम्ही चाललो.

पॉइंट-ए-कॅलियरचं संग्रहालय हे वस्तीच्या पहिल्या जागेवरच, जमिनीखाली आहे. १८३०च्या दशकात बांधलेल्या दगडी गटारातून आपण चालत जातो. गटार म्हटलं म्हणून नाक मुरडू नका, दगडाची कमान बघण्यासारखी आहे. थंडी वाजते, शाल जवळ ठेवा.

इथेच १६४२च्या डिसेंबरात नदीला पूर आला आणि पाणी किल्ल्याच्या तोंडाशी आलं. पाणी ओसरलं तर डोंगरावर क्रूस वाहीन, असं मेझॉनव्ह बोलला. पाणी ओसरलं, आणि जानेवारीच्या बर्फात तो खांद्यावर लाकडी क्रूस घेऊन माँ-रॉयाल चढला. आज वर दिसतो तो १९२४चा, लोखंडी, एकतीस मीटरांचा, रात्री दिव्यांनी उजळणारा. मेट्रोच्या माँ-रॉयाल स्थानकाबाहेरून ११ नंबरची बस वर जाते, मग थोडं चालावं लागतं. कोंदियारोंक सज्जातून खाली सगळं शहर आणि पलीकडे नदी. हे नाव वेंडॅट या मूळ रहिवासी जमातीच्या एका पुढाऱ्याचं. १७०१ साली फ्रेंच आणि मूळ रहिवाशांमध्ये मोठा तह घडवून आणण्यात त्याचा वाटा होता. त्याच बैठकीच्या दिवसांत तो इथे वारला. संध्याकाळी जा, दिवे लागताना.

शेवटच्या दिवशी सेंट जोसेफ ओरेटरी हे मोठं चर्च. समोरच्या शाळेत चाळीसेक वर्षं दारावर बसलेल्या ब्रदर आंद्रे या धर्मबंधूने १९०४ साली बांधून घेतलेली प्रार्थनेची चिमुकली खोली अजून आहे, आणि तिच्या शेजारी तो प्रचंड घुमट. आत एका दालनात हजारो मेणबत्त्या जळत असतात आणि खांबांमधल्या भिंती कुबड्यांनी भरल्यात. बरं होऊन गेलेल्या माणसांनी ठेवलेल्या कुबड्या. मी इस्पितळात कुबड्या खूप हाताळल्या, पण कुणी परत आणून ठेवलेल्या अशा कधी पाहिल्या नव्हत्या.

आत सरकते जिने आहेत, गुडघ्यांची काळजी नको. बाहेर मात्र मधोमध ९९ लाकडी पायऱ्या फक्त गुडघ्यांवर चढणाऱ्यांसाठी राखून ठेवल्यात. आम्ही गेलो तेव्हा माझ्याच वयाची एक बाई चढत होती. प्रत्येक पायरीवर थांबायची, ओठ हलायचे, मग पुढची पायरी. हे कठड्याला टेकून उभे राहिले आणि मीही थांबले. ती वर पोचली तेव्हा पाऊण तास झाला होता. मग आम्ही सरकत्या जिन्याकडे वळलो.