शेवाळ खाणाऱ्या माशांच्या नावाखाली 2,600 रुपयांची फसवणूक

सहा ‘सयामी’ शेवाळखाऊ मासे प्रत्येकी 220 रुपयांप्रमाणे 1,320. पाच ‘अमानो’ कोळंब्या प्रत्येकी 160 प्रमाणे 800. शेवाळ मारण्याच्या औषधाची बाटली 480. घरच्या मत्स्यटाकीतील शेवाळ घालवण्यासाठी एका विक्रेत्याला दिलेले एकूण 2,600 रुपये. हिशेब आधीच मांडतो, कारण ज्यांच्याकडे तक्रार घेऊन गेलो त्यांपैकी एकालाही तो शेवटपर्यंत ऐकून घ्यावासा वाटला नाही. रक्कम पाहून ज्यांना हसू येईल त्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे की, हे तथाकथित ‘शेवाळ पॅकेज’ घेणारा पुण्यात मी एकटा नव्हतो.

माझी टाकी दोन फुटी, 54 लिटरची आहे. ती पश्चिमेच्या खिडकीजवळ असल्याने उन्हे कलली की पाण्यात प्रकाश येतो, आणि गेल्या पावसाळ्यानंतर अनुबियास या पाणवनस्पतीच्या पानांच्या कडांवर व फिल्टरच्या नळीवर ते काळे, केसाळ शेवाळ धरू लागले, जे नखाने खरवडूनही निघत नाही. हे शेवाळ आवडीने खाणारे मासे फार थोडे, आणि खरा सयामी शेवाळखाऊ हा त्यांतला एक, हे मला ठाऊक होते. मी नवशिका नाही. गप्पी, मोली, गुरामी अनेक वर्षे पाळलेले आहेत. म्हणूनच ‘घरी पैदास केलेले, शंभर टक्के अस्सल सयामी’ अशी जाहिरात पाहून मी सिंहगड रस्त्याच्या बाजूला राहणाऱ्या त्या विक्रेत्याकडे गेलो.

आता ज्या क्षणाचा विचार मनातून जात नाही, तो सांगतो. त्याने मासे जाळीने काढून पिशवीत सोडले, वर हवा भरली, रबर लावले आणि पिशवी माझ्या हातात दिली. त्यातला एक मासा तोंडाने प्लास्टिकला आतून घट्ट चिकटला. त्याचे गोल, मांसल ओठ मला समोरून स्वच्छ दिसत होते, आणि कल्ले इतक्या वेगाने हलत होते की ती हालचाल मोजता येऊ नये. विक्रेता म्हणाला, “बघा काका, आत्तापासूनच कामाला लागला!” आणि मी हसलो. खरा सयामी मासा असा चिकटत नाही. त्याच्या तोंडाला चूषक नसतो, तो परांवर टेकून बसतो. जो चिकटतो आणि ज्याचे कल्ले असे भराभर चालतात, तो चायनीज शेवाळखाऊ. त्याला कल्ल्याच्या वरच्या बाजूला पाणी आत घेणारे वेगळे छिद्र असते, त्यामुळे तोंड दगडाला लावलेले असतानाही त्याचा श्वास चालू राहतो. हे सर्व माझ्या नाकासमोर, एका पारदर्शक पिशवीत, संध्याकाळच्या उजेडात चालले होते! पण घरी पैदास केल्याचे छातीठोकपणे सांगणारा माणूस समोर उभा असताना त्याच्याच दारात पिशवी उलटसुलट करून माशाचे तोंड तपासत बसणारे गिऱ्हाईक किती असते?

दुसरी खूण पट्ट्याची. सयामीचा काळा पट्टा नाकापासून थेट शेपटीच्या पराच्या टोकापर्यंत जातो, त्याची कड किंचित दातेरी असते आणि बाकीचे पर रंगहीन असतात. ‘फ्लाइंग फॉक्स’ या सयामीसारख्याच दिसणाऱ्या माशाच्या पट्ट्यावर सोनेरी रेघ असते आणि परांना रंग असतो. चायनीजचा पट्टा शेपटीच्या मुळाशीच संपतो आणि पुढे परावर ठिपके येतात. चार सेंटिमीटरच्या पिल्लात हा फरक हलत्या पाण्यातून दिसत नाही, आणि या धंद्याचा सगळा जीव याच वयात आहे.

बिलाचेही तेच. मागितल्यावर दिलेल्या छापील पावतीवर त्याने ‘मिश्र मासे’ एवढेच लिहिले. नाव लिहा म्हटल्यावर उत्तर आले, “सगळ्यांना असेच देतो.” पुढे एका दुकानात हाच मासा ‘चायनीज’ या पाटीखाली 40 रुपयांना पाहिला, तेव्हा त्या दोन शब्दांची किंमत कळली.

पहिले काही आठवडे काच स्वच्छ राहिली, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. चायनीज मासा लहानपणी शेवाळ खातोच. वाढला की तो खाद्यावर येतो, भांडखोर होतो आणि चपट्या अंगाच्या, संथ माशांना चिकटून त्यांच्या अंगावरचा बुळबुळीत थर खरवडू लागतो. हा मासा पंचवीस सेंटिमीटरपर्यंत जातो; माझी टाकी साठ सेंटिमीटर लांब आहे. उन्हाळ्यात माझ्या गुरामीच्या जोडीतील मादीच्या कुशीवर खवले उडालेला पांढुरका गोल डाग दिसला, मग दुसरा, आणि त्यावर बुरशी धरून ती गेली. ते काळे शेवाळ मात्र जिथल्या तिथे आहे.

कोळंब्यांची गोष्ट त्याहून संतापजनक आहे. अमानोची पिल्ले खारट पाण्याशिवाय वाढत नाहीत, त्यामुळे ‘घरच्या टाकीत सहज पैदास’ हे वाक्य ऐकले की पैसे खिशात ठेवावेत. खऱ्या अमानोच्या कुशीवर ठिपक्यांच्या रांगा असतात. मला मिळालेल्या पाचही पारदर्शक होत्या आणि पुढचे दोन हात लांब चिमट्यांचे होते. त्या साध्या गोड्या पाण्यातील झिंग्या होत्या. त्या तरी जगाव्यात! पॅकेजमधील औषध सांगितले तेवढेच घातले आणि सकाळी पाचही तळाशी आडव्या पडलेल्या होत्या. बाटलीच्या मागच्या बाजूला, भिंगाने वाचावे अशा अक्षरांत ‘कॉपर सल्फेट’ लिहिलेले होते. तांबे कोळंबीवर्गाला मारते. एकाच पिशवीत कोळंबी आणि तिचे विष विकणारा माणूस अज्ञानी आहे, असे मी मानणार नाही.

फोनवर तो आधी म्हणाला, “काका, पाणी बदलले असेल तुमचे.” नंतर म्हणाला, “मोठे झाले असतील तर मुठेत सोडून द्या.” हे कृपा करून कोणीही करू नये. टाकीतून सोडलेला दक्षिण अमेरिकी सकर मासा देशातील अनेक नद्या-तलावांत माजला आहे. दगडावरचे शेवाळ खाणारा आपला स्वतःचा मल्या मासा पश्चिम घाटातील प्रवाहांत आहे. ब्रिटिश लष्करी अधिकारी कर्नल साइक्स यांनी 1839 मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. त्याच्या घरात परका भाडेकरू कशाला घालायचा?

आता कचेऱ्यांविषयी. पोलीस चौकीत हवालदारांनी विचारले, “मासे जिवंत होते ना? मग फसवणूक कसली?” भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीविषयीच्या कलम 318 मध्ये खाण्याचा मासा वेगळा आणि पाळण्याचा वेगळा असे काही लिहिलेले नाही, हे मी नम्रपणे सांगितले, त्यांनी अर्ज घेतला, पोच दिली नाही. मासळीशी संबंधित एका कार्यालयात सांगण्यात आले की शोभेचे मासे म्हणजे हौस, इकडे उत्पादनाचे काम चालते. प्राण्यांशी संबंधित दुसऱ्या कार्यालयात मासा हा प्राणी आहे की नाही यावर दोन कर्मचाऱ्यांचे एकमत होईना, आणि जेवणाची सुटी झाली. मत्स्यटाकीच्या दुकानांसाठी केंद्राने 2017 मध्ये नियम काढले होते, ते पुढे मागे घेण्यात आले. त्यामुळे कोणते कलम लावायचे असा प्रश्न मलाच विचारण्यात आला. ग्राहक तक्रारीसाठी सल्ला देणाऱ्या गृहस्थांनी तर माशाच्या जातीचा तज्ज्ञाचा दाखला मागितला, आणि असा दाखला कोण देतो याचे उत्तर त्यांच्याकडेही नव्हते. विकणाऱ्याने नाव लिहायचे नाही आणि विकत घेणाऱ्याने मात्र ते सिद्ध करायचे! 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे, हे मला कोणी सांगितले नाही. स्वतः वाचावे लागले. 1915 हा ग्राहक मदत क्रमांकही तसाच शोधला.

बिलावर माशाचे शास्त्रीय नाव लिहून घ्या, नकार मिळाला तर तिथूनच परत फिरा. पिशवीतील माशाचे बाजूने आणि तोंडाचे छायाचित्र विक्रेत्यासमोरच काढा. माझ्याकडे ते असते तर दाखल्याचा प्रश्न आला नसता. आणि दोन फुटी टाकीला अस्सल सयामीही नको, तो पंधरा सेंटिमीटर होतो. एवढ्या पाण्यात तीन-चार नेराइट गोगलगायी किंवा चेरी कोळंबी पुरते. ओटोसिंक्लस हे छोटे शेवाळखाऊ मासे घ्यायचे तर टाकी काही महिने जुनी झाल्यावर घोळक्याने घ्या आणि उकडलेल्या दुधीचा काप द्या. नव्या टाकीत ते उपासमारीने मरतात. नव्या टाकीतील तपकिरी थर बहुधा आपोआप जातो. दिवा सहा-सात तासांवर आणा, खाद्य कमी करा. मी खिडकीला जाड पडदा लावला, 350 रुपयांत, आणि त्याने सहा माशांपेक्षा जास्त काम केले.

जिल्हा आयोगाकडे करायची तक्रार लिहून तयार आहे. त्या विक्रेत्याची जाहिरात अजून चालू आहे. ‘अस्सल सयामी’चा भाव आता 260 झाला आहे, आणि त्या जाहिरातीतील माशाचा पट्टाही शेपटीच्या मुळाशीच थांबलेला आहे.