टर्बो गेला नव्हता

सिग्नलला दोन-तीन मिनिटे थांबून गाडी पुढे काढली की मागून निळसर धुराचा लोट निघे आणि थोडे अंतर गेल्यावर तो आपोआप विरून जाई. एवढ्या एका तक्रारीवरून मी गॅरेजमध्ये गेलो आणि नव्या टर्बोचे (इंजिनच्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनमध्ये जास्त हवा कोंबणाऱ्या पंख्याचे) पूर्ण पैसे मोजून परत आलो. धूर मात्र होता तिथेच राहिला. ज्यांना अशाच धुरावरून ‘टर्बो गेला’ असे सांगितले गेले आहे, त्यांनी पैसे देण्यापूर्वी पुढचा मजकूर वाचावा, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

मला पटवण्यासाठी गॅरेजमालकाने दोन पुरावे दिले. त्याने हवेच्या नळीचा क्लॅम्प सोडवला, टर्बोच्या तोंडाशी दिसणाऱ्या पंख्याचे टोक माझ्याच चिमटीत दिले आणि हलवून पाहायला सांगितले; ते आडवे डुलत होते. मग त्याने नळीच्या आत बोट फिरवून ऑइल लागलेले बोट माझ्यासमोर धरले. स्वतःच्या हाताने हलवून पाहिल्यावर शंका घ्यायला जागा उरत नाही, आणि हीच त्यातली हातचलाखी होती. बहुतेक गाड्यांच्या टर्बोचा शाफ्ट, म्हणजे पंख्याचा दांडा, बेअरिंगमध्ये ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो, तेही मिनिटाला १ लाखाहून अधिक फेऱ्यांनी. इंजिन बंद असताना तो थर नसतो, त्यामुळे आडवी किंचित हालचाल कोऱ्या टर्बोमध्येही जाणवते. पाहायचे असते ते शाफ्ट मागे-पुढे ओढला-ढकलला असता जाणवण्याइतका सरकतो का आणि पंख्याची पाती घराला घासल्याच्या खुणा आहेत का. माझ्या पंख्याच्या कडा शाबूत होत्या. नळीतला थोडासा ओलावा तर इंजिनच्या ब्रीदरमधूनही, म्हणजे इंजिनच्या आतला दाब बाहेर सोडणाऱ्या वाटेतूनही, येतो.

आता मूळ दोषाकडे येतो. टर्बोला ऑइल बारीक नळीतून दाबाने मिळते, पण बेअरिंगमधून बाहेर पडताना त्याला दाब नसतो. फेसाळलेले ऑइल केवळ उतारावरून जाड पाइपातून इंजिनच्या चेंबरमध्ये, म्हणजे तळाशी ऑइल साठते त्या भागात, परतते. म्हणून हा परतीचा पाइप रुंद, कुठेही वर न चढणारा आणि न दबलेला असावा लागतो. उभ्या रेषेपासून तो ३५ अंशांपेक्षा अधिक कललेला नसावा, असे टर्बो बनवणारे सांगतात. टर्बोच्या शाफ्टवर रबरी सील नसते, पिस्टन रिंगसारखी बारीक धातूची रिंग असते आणि तिची भिस्त बाहेरच्या हवेच्या व धुराच्या दाबावर असते. परतीची वाट तुंबली, चेंबरमध्ये ऑइल जास्त भरल्याने पाइपाचे तोंड बुडाले किंवा ब्रीदर चोंदून चेंबरमध्येच दाब साठला, तर बेअरिंगच्या घरात ऑइल साचते आणि रिंग ओलांडून हवेच्या किंवा एक्झॉस्टच्या बाजूला जाते. इंजिन नुसते चालू असताना बाहेरचा दाब सर्वांत कमी असतो, म्हणून थांबून निघाल्यावर धूर दिसतो. असा दोष असताना कितीही उत्तम टर्बो बसवला तरी तो धूर देणारच.

काम झाल्यावर धूर थांबला नाही तेव्हा मला सांगण्यात आले, की सायलेन्सरमध्ये साचलेले जुने ऑइल जळते आहे, काही दिवस गाडी चालवा. हे अर्धे खरे असल्यामुळेच मी गप्प बसलो. तीन आठवड्यांनी पुन्हा गेलो, तर ‘तुम्ही गरम इंजिन लगेच बंद करता, त्यामुळे नवा टर्बोही खराब झाला, वॉरंटी लागू नाही’ असे उत्तर मिळाले आणि दुसऱ्या टर्बोचा अंदाजखर्च हातात पडला. जुना टर्बो मागितला, तेव्हा तो बदल्यात कंपनीकडे गेला असे सांगितले. बदल्यात जुना भाग घेण्याची पद्धत खरोखर आहे, त्यामुळे हेही खपून गेले.

दुसऱ्या मेकॅनिकने टर्बोला हात लावण्याआधी डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी पाहायची कांडी, काढली. ऑइल वरच्या खुणेच्याही बरेच वर होते. इंजिन चालू ठेवून त्याने ऑइल भरण्याचे झाकण उघडले आणि तोंडावर तळहात धरला. हवेचा जोर नव्हता, म्हणजे ब्रीदर आणि पिस्टन ठीक होते. मग त्याने परतीचा पाइप उतरवून शिकंज्यात उभा धरला आणि त्यात वरून ऑइल ओतले. अंगठा सहज जाईल अशा पाइपातून खाली सुतासारखी धार पडली. आत जळून कडक झालेल्या ऑइलचा काळा थर होता आणि वरच्या तोंडाशी पहिल्या गॅरेजने गास्केटला (जोडात बसवायच्या पातळ चकतीला) फासलेले सिलिकॉन आत दाबले जाऊन निम्मे भोक झाकून बसले होते. खरे तर या जोडाला सिलिकॉन लावायचेच नसते.

टर्बो उतरवल्यावर त्याच्या पट्टीवरचा क्रमांक पाहून मला काहीतरी आठवले. पहिल्यांदा दुसरीकडे किंमत विचारण्यासाठी मी जुन्या टर्बोच्या पट्टीचा फोटो काढून ठेवला होता. दोन्ही क्रमांक शेवटच्या आकड्यापर्यंत एक होते. माझाच टर्बो घासूनपुसून, चकचकीत करून मला नवा म्हणून विकला होता.

फोटो घेऊन मी त्या मालकाकडे गेलो, तेव्हा ‘एका मॉडेलच्या सगळ्या टर्बोंवर तोच नंबर असतो’ असे तो म्हणाला. पार्ट नंबर सारखा असतो हे खरे. पण त्याच पट्टीवर प्रत्येक नगाचा वेगळा सीरियल नंबरही असतो, आणि मी त्याच्यासमोर बोट ठेवले ते त्यावर. त्यानंतर त्याने बिल परत मागितले. मी त्याची प्रत दिली, मूळ बिल आणि फोटो जपून ठेवले आणि लेखी तक्रार केली. बिलावर नव्या टर्बोचा सीरियल नंबर नव्हता. तो लिहून घेण्याचा आग्रह मी पहिल्याच दिवशी धरायला हवा होता.

नवा पाइप, कोरडे गास्केट आणि खुणेपर्यंतच ऑइल एवढ्यावर काम झाले. इंटरकूलरमध्ये (टर्बोकडून येणारी हवा थंड करणाऱ्या भागात) साचलेले ऑइल काढले, सायलेन्सरमधले जळून जाईपर्यंत दोन दिवस धूर आला आणि मग थांबला. तोच जुना टर्बो अजून गाडीत चालू आहे.