टायरीक इव्हान्स की मायकल कार्टर-विल्यम्स: कुणाचं पहिलं वर्ष खरं?

दोघेही एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगमधले ‘रूकी ऑफ द इयर’ (वर्षातला सर्वोत्तम नवखा), दोघेही उंच गार्ड (चेंडू हाताळून खेळ रचणारे), आणि पहिल्या वर्षाची गुणांची सरासरी दोघांनाही पुन्हा गाठता आली नाही.

इव्हान्सने 2009-10 मध्ये सॅक्रामेंटोकडून सामन्यामागे 20.1 गुण, 5.8 असिस्ट (गुण मिळवून देणारे पास) आणि 5.3 रिबाउंड (हुकलेल्या फेकीनंतर पकडलेले चेंडू) काढले. पहिल्याच वर्षी 20-5-5 (20 गुण, 5 असिस्ट, 5 रिबाउंड) गाठणारे त्याआधी तिघेच: ऑस्कर रॉबर्टसन, मायकल जॉर्डन, लेब्रॉन जेम्स. खांद्याच्या जोरावर रिंगपाशी घुसायचं, हा त्याचा हुकमी डाव. फेकींची अचूकता जवळपास 46 टक्के होती, म्हणजे ते गुण कमावलेले होते. पुढच्या मोसमात तळपायाच्या दुखण्याने पहिलं पाऊलच मंदावलं. बाहेरून फेक नसल्याने बचावपटू दोन पावलं मागे राहून वाट अडवू लागले. तरी 2017-18 मध्ये मेम्फिसकडून, तीन गुणांच्या फेकी जवळपास 40 टक्क्यांवर नेत, त्याने 19.4-5.2-5.1 पर्यंत मजल मारली.

कार्टर-विल्यम्सचं पदार्पण मात्र अफाट: मायामीविरुद्ध 22 गुण, 12 असिस्ट, 7 रिबाउंड, 9 स्टील (प्रतिस्पर्ध्याकडून हिसकावलेले चेंडू)! 2013-14 ची सरासरी 16.7 गुण, 6.3 असिस्ट, 6.2 रिबाउंड. पण त्याचा संघ फिलाडेल्फिया लीगमध्ये सर्वांत वेगाने खेळत होता; चेंडू जास्त वेळा हाती आला की आकडे आपोआप फुगतात. अचूकता 40 टक्क्यांच्या आसपास, तीन गुणांच्या फेकीत 26 टक्के. संघ सलग 26 सामने हरला. फेब्रुवारी 2015 मध्ये त्याला मिलवॉकीला धाडलं, तो निर्णय योग्यच होता.

माझं मत इव्हान्सलाच.