शोधनिबंधाचे हक्क द्यावेत, राखावेत की खुले करावेत?

निबंध स्वीकारल्याचे पत्र आले की पाठोपाठ करारनामा येतो, आणि अनेक संशोधक तो पुरता न वाचताच सही करून परत पाठवतात. कॉपीराइट प्रकाशकाच्या नावावर करून वर्गणीच्या जर्नलमध्ये छापायचे, की कॉपीराइट स्वतःकडे ठेवून क्रिएटिव्ह कॉमन्सच्या, म्हणजे ठरावीक अटींवर इतरांना वापर करू देणाऱ्या तयार, परवान्याखाली निबंध सर्वांना खुला करायचा, हे त्या सहीनेच ठरते. खुला करायचा झाल्यास ‘सीसी बाय’ (श्रेय देऊन कोणताही वापर) घ्यायचा की ‘सीसी बाय-एनसी-एनडी’ (व्यावसायिक वापर आणि फेरफार वाटण्याला मनाई), हेही तिथेच ठरते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मॉडेलांना प्रशिक्षणासाठी मजकूर लागू लागल्यापासून लेखक या पर्यायांकडे एकाच धास्तीने पाहू लागले आहेत: आपला निबंध यंत्राच्या हाती लागेल का? माझ्या मते ही धास्ती निवडीचा आधार होऊ शकत नाही, कारण तशी शक्यता प्रत्येक पर्यायात आहे. त्या वापराला होकार किंवा नकार देण्याचा हक्क कोणाकडे राहतो आणि निबंध कोणाला वाचता येतो, यांत मात्र या पर्यायांमध्ये मोठा फरक आहे.

वर्गणीच्या जर्नलचा मोठा फायदा असा की लेखकाकडून सहसा शुल्क घेतले जात नाही. त्याच्या मोबदल्यात सर्व हक्क प्रकाशकाला, ‘आज ज्ञात असलेल्या व पुढे निर्माण होणाऱ्या सर्व माध्यमांसाठी’, अशा अर्थाचे कलम करारात असते. या ‘पुढे निर्माण होणाऱ्या’ शब्दांत काय काय मावते, ते 2024 मध्ये दिसले. टेलर अँड फ्रान्सिस या शैक्षणिक प्रकाशनसंस्थेची मालक कंपनी इन्फॉर्मा हिने मायक्रोसॉफ्टला मजकूर वापरू देण्याचा करार जाहीर केला, त्यातील सुरुवातीची रक्कमच 1 कोटी डॉलरच्या वर होती, आणि अनेक लेखकांना ही गोष्ट बातम्यांतून कळली. त्याच वर्षी केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेसने मात्र लेखकांकडून आधी संमती मागण्याचा मार्ग पत्करला. म्हणजे पैसे भरून वाचण्याची भिंत असली की निबंध यंत्रापासून सुरक्षित राहतो, हा समज खरा नाही. त्या भिंतीची किल्ली प्रकाशकाकडे असते आणि ती कोणाला द्यायची हेही तोच ठरवतो.

या मार्गावर एक उपाय आहे. परीक्षणानंतर स्वीकारलेले हस्तलिखित, म्हणजे जर्नलच्या मांडणीत बसवण्याआधीची प्रत, संस्थेच्या ऑनलाइन भांडारात ठेवता येते. काही जर्नल त्यासाठी महिनोन् महिने थांबायला लावतात. 2008 मध्ये हार्वर्डच्या कला व विज्ञान शाखेने आणि पुढे ‘प्लॅन एस’च्या, म्हणजे आपण पैसा पुरवलेले संशोधन खुले असावे असा आग्रह धरणाऱ्या उपक्रमाच्या, निधीदात्यांनी आखलेली हक्क राखण्याची पद्धत या प्रतीक्षेवर तोडगा काढते. ‘प्लॅन एस’च्या पद्धतीत निबंध सादर करतानाच, या सादरीकरणातून निर्माण होणाऱ्या स्वीकृत हस्तलिखिताला सीसी बाय परवाना लागू केला आहे, असे एक वाक्य त्यात घालायचे असते. निधी नसलेल्या लेखकासाठी हे एक वाक्य फार मोलाचे आहे.

सीसी बाय हा 2002 च्या बुडापेस्ट जाहीरनाम्यातील मुक्त प्रवेशाच्या (म्हणजे निबंध कोणालाही मोफत वाचता व वापरता येण्याच्या) कल्पनेशी सर्वांत जवळचा परवाना आहे. श्रेय द्या आणि वापरा, भाषांतर करा, पाठ्यपुस्तकात घ्या, संगणकाने विश्लेषण करा, असे तो सांगतो. त्यात यंत्राला अडवण्याची सोय नाही, आणि प्रशिक्षित मॉडेल उत्तर देताना तुमचे नाव घेईलच असेही नाही. ही उणीव खरी आहे. मात्र कॉपीराइट शब्दरचनेला संरक्षण देतो, निष्कर्षांना किंवा आकड्यांना नाही. शोधाचे श्रेय आजवर संदर्भ देण्याच्या विद्याजगतातील शिस्तीने जपले आहे, आणि ती शिस्त कोणत्याही परवान्यातून विकत मिळत नाही. सीसी बायची जास्त बोचणारी अडचण शुल्काची आहे. ‘नेचर’ने 2021 पासून मुक्त प्रवेशासाठी प्रत्येक निबंधामागे 9,500 युरो आकारायला सुरुवात केली. लेखक आणि वाचक दोघांकडूनही पैसे न घेणारी ‘डायमंड’ जर्नल हा त्यावरचा पर्याय आहे, आणि आपल्या विषयात तसे जर्नल आहे का, हे मुक्त प्रवेशाच्या जर्नलांच्या डीओएजे या ऑनलाइन सूचीत आधी पाहावे.

आता एनसी-एनडी, म्हणजे व्यावसायिक वापराला आणि फेरफार केलेली आवृत्ती वाटण्याला मनाई. घाबरलेल्या लेखकाला हा मधला मार्ग वाटतो; मला तो तिन्हींत सर्वांत फसवा वाटतो. एक तर क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने कायद्याने दिलेल्या सवलतींना रोखू शकत नाहीत. युरोपीय संघाच्या 2019 च्या निर्देशाने संशोधन संस्थांना मजकूर उत्खननाची (संगणकाने मोठ्या प्रमाणावर मजकूर विश्लेषण्याची) मुभा दिली, ती हक्कधारकाला नाकारता येत नाही. इतरांसाठीच्या मुभेत मात्र हक्कधारक, ऑनलाइन मजकूर असल्यास यंत्राला वाचता येईल अशा रीतीने, नकार नोंदवू शकतो. जपानच्या 2018 च्या दुरुस्तीने तर विश्लेषणासाठीच्या वापराला आणखी मोकळीक दिली. दुसरे असे की, हा परवाना निवडल्यावर अनेक प्रकाशक करारात व्यावसायिक हक्क एकट्या स्वतःकडे घेतात. लेखकाला वाटते की कंपन्यांना दार बंद केले, प्रत्यक्षात मात्र ते दार उघडण्याचा हक्क प्रकाशकाकडे जातो. आणि तिसरे, ज्याची मला सर्वांत जास्त खंत वाटते: तुमच्या निबंधाचे आपल्या भाषेत भाषांतर करून ते इतरांना देऊ पाहणाऱ्या शिक्षकाला एनडीमुळे परवानगीसाठी ताटकळावे लागते.

निबंधाचा काही भाग यंत्राने लिहिला असेल, तर प्रश्न आणखी वेगळा होतो. अमेरिकेत 2025 मध्ये, यंत्राने बनवलेल्या चित्राबद्दलच्या थेलर खटल्यात, अपील न्यायालयाने कॉपीराइटसाठी मानवी लेखक आवश्यक असल्याचे सांगितले, आणि प्रकाशननीतीच्या ‘कोप’ या समितीच्या भूमिकेनुसार कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाला लेखक म्हणून नमूद करता येत नाही. असा वापर केला असल्यास तो निबंधात स्पष्ट सांगावा.

माझी पसंती अशी. निधीदाता शुल्क भरत असेल किंवा डायमंड जर्नल मिळत असेल, तर सीसी बाय घ्यावा. दोन्ही नसेल, तर वर्गणीच्या जर्नलमध्ये छापावे, पण हक्क राखण्याचे वाक्य पहिल्या सादरीकरणापासून निबंधात असावे. एनसी-एनडी घ्यायचाच असेल, तर करारात ‘एकमेव परवाना’ (एक्स्क्लुझिव्ह लायसन्स) हे शब्द शोधावेत, आणि ते सापडल्यास कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी मजकूर देण्यापूर्वी लेखकाची लेखी संमती घेतली जाईल अशी ओळ घालण्याची मागणी सही करण्याआधी संपादकाकडे करावी.