मागचा कॅम्बर ‘काढला’, पैसे घेतले, स्टिअरिंग वाकडंच

गाडी २०१२ ची स्विफ्ट, मालक घोडबंदर रोडचे. पावसाळ्यातले खड्डे खाऊन झाल्यावर दोन गोष्टी सुरू झाल्या. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग डावीकडे झुकलेलं राहायचं आणि गतिरोधकावरून जाताना मागून, उजव्या बाजूने ‘टक’ असा आवाज यायचा. टायरच्या दुकानात गाडी मशीनवर चढली. पडद्यावर मागच्या चाकांचे आकडे लाल दिसले आणि ‘साहेब, मागचा कॅम्बर आऊट आहे, काढावा लागेल’ असं सांगण्यात आलं. कॅम्बर म्हणजे समोरून पाहताना चाकाचा आत किंवा बाहेर असलेला झुकाव, ‘काढणं’ म्हणजे तो दुरुस्त करणं. अलाइनमेंटचे ९०० आणि मागच्या दोन चाकांच्या कॅम्बरचे ३,००० असे ३,९०० रुपये गेले. हातात कच्ची पावती आणि आधीचा-नंतरचा असे दोन कागद आले. नंतरच्या कागदावर कॅम्बरचे सगळे आकडे हिरवे होते. पाम बीच रोडच्या सरळ पट्ट्यावर गाडी नेली, तर स्टिअरिंग होतं तसंच डावीकडे.

चोरी त्या दोन कागदांतच दिसते. उजव्या मागच्या चाकाचा कॅम्बर उणे २ अंश १० मिनिटांवरून उणे १ अंशावर आलेला (एका अंशाची ६० मिनिटे), पण त्याच चाकाचा टो, म्हणजे वरून पाहताना चाक आत किंवा बाहेर वळलेलं असण्याचा कोन, मिनिटाचाही हललेला नाही. आणि पुढच्या उजव्या चाकाचा कॅम्बरही ५० मिनिटांनी बदललेला, ज्याला कुणी हात लावला नव्हता, ज्याचे पैसेही घेतले नव्हते. चाकांचे कोन बदललेच नाहीत, बदलले ते मोजमापासाठी रिमवर बसवलेल्या क्लॅम्पचे. क्लॅम्प किंचित तिरका बसला किंवा रिमला बाक असला, तर मशीन चाकाऐवजी क्लॅम्पचा कोन मोजतं. म्हणूनच क्लॅम्प बसवल्यावर प्रत्येक चाक फिरवून किंवा गाडी थोडी मागेपुढे ढकलून रन-आऊटची, म्हणजे क्लॅम्प किंवा रिमच्या तिरकेपणाची, दुरुस्ती करून घ्यायची असते. ही पायरी गाळली की आकडा हवा तसा लाल किंवा हिरवा करता येतो.

आता मुळातली गोष्ट. स्विफ्टसारख्या बहुतेक छोट्या गाड्यांना मागे टॉर्शन बीम असतो: दोन्ही चाकांना जोडणारा एकच पोलादी तुकडा, पुढच्या टोकांना दोन रबरी बुश (सांध्यातल्या पुंगळ्या) घालून बॉडीला टांगलेला. यात टो किंवा कॅम्बर फिरवायला बोल्टच नसतो. स्कोडा लॉरा किंवा २००६ नंतरची होंडा सिव्हिक अशा मल्टि-लिंकवाल्या, म्हणजे मागचं प्रत्येक चाक स्वतंत्र दांड्यांवर असलेल्या, गाड्यांना मागे एक्सेंट्रिक बोल्ट (फिरवले की दांडी सरकवणारे) असतात, तिथे सेटिंग खरोखर होतं. तेव्हा मागचं काम सांगितलं की एकच विचारायचं: कुठला बोल्ट फिरवणार, तो गाडीखाली दाखवा.

बोल्ट दाखवता आला नाही, तर दोनच शक्यता उरतात. एक म्हणजे वर सांगितलेली क्लॅम्पची हातचलाखी. दुसरी जास्त घातक: हायड्रॉलिक जॅक आणि साखळी लावून स्टब एक्सल (बीमच्या टोकाचा, चाक बसवायचा आखूड दांडा) किंवा बीमच वाकवणं. स्टब वाकवताना तो भार बेअरिंगमधून जातो, गोळ्यांचे व्रण रेसवर, म्हणजे त्या ज्या कड्यात फिरतात त्यावर, उमटतात आणि काही आठवड्यांत घरघर सुरू होते. ब्रेकचा ड्रम तिरका चालला तर लायनर एकाच बाजूने झिजतात. एकदा वाकलेला आणि पुन्हा वाकवून सरळ केलेला स्टब आतून चिरलेला असू शकतो. चाक ज्याच्यावर फिरतं तोच हा भाग. हे काम कुणी ‘फक्त १,५०० रुपये एका चाकाचे’ म्हणून सुचवलं तर गाडी खाली उतरवून घ्या.

आणखी एक युक्ती म्हणजे उणे चिन्ह दाखवून घाबरवणं. उणे म्हणजे चाक वरून आत झुकलेलं. टॉर्शन बीमच्या गाड्यांचा मागचा कॅम्बर कंपनीतूनच साधारण उणे १ अंशाच्या आसपास असतो. शून्य असायला हवा ही समजूत चुकीची. कागदावर वर छापलेलं मॉडेलचं नाव आणि साल आधी वाचा. यादीतून दुसरीच गाडी निवडली असेल तर चांगलं चाकही लाल दिसतं.

मग या स्विफ्टमध्ये बिघाड काय होता? आधीच्या कागदावर तो लिहिलेलाच होता. डाव्या मागच्या चाकाचा टो उणे १२ मिनिटे (बाहेर वळलेलं), उजव्याचा अधिक ३२ (आत वळलेलं). बेरीज २०, म्हणून ‘टोटल टो’ हिरवा आणि कुणी पाहिलं नाही. पण दोघांतला फरक ४४ मिनिटांचा, त्याचा निम्मा २२ मिनिटे हा थ्रस्ट अँगल. म्हणजे मागची दोन्ही चाकं मिळून डावीकडे तोंड करून होती. गाडी सरळ न्यायची तर पुढची चाकंही तेवढीच डावीकडे वळवून धरावी लागतात. एकूण टो ठीक, थ्रस्ट अँगल बिघडलेला, म्हणजे अख्खा बीम तिरका बसलेला. आवाजही जोडीला असेल तर बुशच पाहायचा. पहारीने बीम हलवताच उजव्या बुशचं रबर धातूपासून सुटलेलं दिसलं.

एकाच चाकाचा टो आणि कॅम्बर दोन्ही बिघडले असतील तर गोष्ट वेगळी. तिथे स्टब किंवा बीम वाकलेला असण्याचा संशय येतो, पण त्याआधी चाक वर-खाली धरून हलवा, बेअरिंग ढिलं असलं तरी आकडे बिघडतात. स्टब बोल्टने बसवलेला असेल तर नवा स्टब घाला, किंवा स्टब आणि बीमच्या मध्ये पूर्ण पृष्ठभागाची निमुळती शिम (पातळ पत्री) घाला. १०० मिलिमीटर रुंदीच्या फ्लँजवर (स्टबचा बीमला टेकणारा सपाट भाग) अर्धा अंश बदलायला एका कडेला सुमारे ०.९ मिलिमीटर जाडी लागते. बोल्टखाली वॉशर रचून हेच करणारे आहेत. त्यात फ्लँज चार ठिकाणीच टेकतो आणि बोल्ट सैल होतात. कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारातून बीम आणायचा असेल तर तोही अपघाती गाडीचा असू शकतो, बसवण्याआधी मोजा.

बुश दोन्ही एकदम बदलावेत. प्रेसने दाबताना बुशवरची खूण आणि रबरातल्या पोकळ्यांची दिशा जुन्यासारखीच ठेवायची. सगळ्यात जास्त चूक पुढच्या पायरीत होते: गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळत असतानाच बुशचे बोल्ट आवळणं. तसं केलं की गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि वेळेआधी फाटतं. बोल्ट आधी हाताने लावा, वजन चाकांवर आल्यावर टॉर्क पान्ह्याने आवळा. नंतर अलाइनमेंट, आणि तीही चारही चाकांना सेन्सर लावून, पुढचा टो मागच्या थ्रस्ट लाइनशी (मागची चाकं मिळून ज्या दिशेला गाडी ढकलतात ती रेघ) जुळवून. नुसत्या पुढच्या दोन चाकांच्या अलाइनमेंटने या तक्रारीत स्टिअरिंग सरळ होत नाही.

शंका असेल तर घरीच दोऱ्याने पडताळता येतं. सपाट फरशीवर, हवा सारखी भरून, दोन्ही बाजूंना चाकांच्या मध्याच्या उंचीवर दोरे ताणा. पुढच्या हबपासून, म्हणजे चाकाच्या मध्यापासून, दोऱ्याचं अंतर डावीउजवीकडे सारखं, मागच्या हबपासूनही सारखं असावं. पुढे आणि मागे आपसात मात्र ते वेगळं येऊ शकतं, कारण दोन्ही एक्सलची रुंदी सारखी नसते. मग मागच्या रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून दोऱ्यापर्यंत मोजा. १४ इंची रिमवर १ मिलिमीटर फरक म्हणजे जवळपास ९ मिनिटे टो.

पैसे देण्याआधी क्लॅम्प काढून पुन्हा बसवून, रन-आऊट करून दुसऱ्यांदा मोजायला सांगा. खरं सेटिंग असेल तर आकडे थोड्या मिनिटांच्या फरकाने तेच येतात. पक्कं बिल मागा. ते न देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५, आणि ग्राहक आयोगाकडे तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. तिथे दोन्ही प्रिंट, पावती आणि काढलेला जुना बुश कामाला येतो, म्हणून तो गॅरेजमध्ये सोडू नका.