८ टॅब, ४१ पोरं आणि हातच्याची वजाबाकी : नऊ महिने वापरल्यावर

मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, पाचवी-सहावी दोन्ही वर्ग माझ्याकडंच. गेल्या जुलैत गावातून वर्गणी करून ८ टॅब घेतले अन् त्यात नेट नसलं तरी चालणारं गणित सरावाचं एक ॲप टाकलं. ॲपचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण पुढं त्याच्याबद्दल वाकडं बरंच येणार आहे.

टॅब आले तेव्हा मला खरंच वाटलं होतं की आता पोरं आपोआप शिकतील अन् मी तेवढ्यात पोषण आहाराच्या नोंदी उरकीन. तसलं काही होत नाही. पहिला महिना चार्जिंग, पासवर्ड अन् ‘सर ह्यानं माझं नाव उघडलं’ यातच गेला. एकाच्या आजोबांनी तर शाळेत येऊन विचारलं, आमच्या टायमाला पावकी-निमकी तोंडपाठ असायची, तुम्ही पोरांना गेमच खेळायला लावलाव का. काय सांगणार, चहा पाजून पाठवलं.

खरा उपयोग झाला तो टॅबच्या आधी केलेल्या कामाचा. पोरांना वाचता अन् गणित करता येतं का हे बघणारा ‘असर’ नावाचा सर्व्हे असतो, त्याची माणसं घरोघरी जाऊन विचारतात ना, दोन अंकी संख्या वाच, हातच्याची वजाबाकी कर, तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भाग, तेच मी एकेका पोराला व्हरांड्यात बसवून विचारलं. निम्म्याच्या वर पोरं वजाबाकीच्याच आसपास अडकलेली निघाली, अन् मी फळ्यावर अपूर्णांकांचा गुणाकार शिकवायलो. मग गणिताच्या तासाला पाचवी-सहावी विसरून तीन गट केले. एक गट टॅबवर, एक आपापसात गणितं सोडवणारा, एक माझ्यापुढं सतरंजीवर. रोज फिरते पाळी.

एका टॅबवर दोघांना बसवावं लागतं, आधी वाटलं हे कमीच पडणार, पण दोघं भांडतात, ‘आरं थांब, हातचा राहिला’ म्हणतात, त्यात जास्त शिकतात. बडोद्यात प्रथम या शिक्षणातल्या संस्थेनं चौथीच्या पोरांना गणिताचे कॉम्प्युटर खेळ दिले होते, बॅनर्जी-डुफ्लो या अर्थशास्त्रज्ञांनी ज्याचा अभ्यास केला तो प्रयोग, तिथं पण एका कॉम्प्युटरवर दोन पोरंच असायची, आठवड्याला दोन तास, अन् गणितात चांगला फरक पडला होता.

आता ॲपची खोड. सहावीतली एक पोरगी ५२ − २७ चं उत्तर ३५ लिहायची. ॲप म्हणतं ‘पुन्हा प्रयत्न कर’. मग ६१ − ३४ देतं, ती ३३ लिहिते, परत लाल फुली. चार-पाच फुल्या झाल्या की ॲप तिला खाली बेरजेवर ढकलतं, बेरीज तिला झोपेत येते, धडाधड स्टार मिळवून ती परत वर येते अन् परत ३५. असं दोन आठवडे चाललं. रिपोर्टमध्ये काय, तर ‘नियमित सराव, उत्तम’. शेवटी सतरंजीवर बसवून विचारलं, कसं केलंस गं? म्हणाली, ‘दोनातून सात जात नाहीत सर, म्हणून सातातून दोन काढले.’ झालं, चूक कुठंय ते एका वाक्यात कळलं. दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे अन् दोन सुट्या काड्या तिच्यापुढं ठेवल्या, सात दे म्हणलं, तिनं स्वतःच एका गठ्ठ्याचं रबर काढलं. त्याच्याआधी सहज विचारलं होतं, ५२ रुपये घेऊन दुकानात गेलीस, २७ चं सामान घेतलं, किती उरले? लगेच २५! तिची आई टपरी चालवते. २०२५ मध्ये नेचर मासिकात कोलकाता-दिल्लीच्या बाजारात काम करणाऱ्या पोरांवरचा अभ्यास आला होता, सौद्याचा हिशोब तोंडी बरोबर अन् तसलंच गणित वहीत मांडलं की अडतात, तेच माझ्यापुढं सतरंजीवर बसलेलं.

४०८ ÷ ४ = १२ लिहिणारी पोरं पण अशीच, त्यांना भागाकार येतो, मधल्या शून्याचं काय करायचं तेवढं येत नाही, अन् ॲपला हे सगळं सारखंच, चूक म्हणजे चूक.

दुसरी गंमत आवाजाची. ॲप ‘एकोणसाठ’ म्हणतं, पोरं ६९ लिहितात, साठ ऐकलं की सहा आधी. ‘त्रेपन्न’चं ३५ होतं. २०१९ ला बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात पन्नास तीन, साठ दोन असं आलं तेव्हा सगळ्या महाराष्ट्रानं टिंगल केली होती, मी पण हसलो होतो. आता माझ्याच वर्गात आधी ‘पन्नास तीन’ अन् मग ‘त्रेपन्न’ असं दोन्ही म्हणून घेतो.

जिओजेब्रा हे भूमितीच्या आकृत्यांचं ॲप फुकट आहे, नेटशिवाय चालतं, त्याबद्दल तक्रार नाही. त्रिकोणाचं टोक बोटानं ओढलं की तिन्ही कोन बदलतात अन् बेरीज १८० ची हलत नाही, सहावीची पोरं टोक पार स्क्रीनच्या कडेपर्यंत ओढून बघतात, कुठंतरी चुकेलच म्हणून.

घेणार असाल तर जाड कव्हर घ्या. आमच्या दोन टॅबच्या चार्जिंग पिना गेल्या, तालुक्याला कुणी हात लावेना, संभाजीनगरला पाठवावे लागले. अन् उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत दुपारी टॅब गरम होऊन बंद पडतात, गणित सकाळीच घ्या.

दिवाळीनंतर आमची ९ पोरं आईबापासंग ऊसतोडीला गेली, काही सांगलीकडं, काही कर्नाटकात. मार्चमध्ये त्यातला एक आला, टॅबवर स्वतःचं नाव उघडलं तर त्याची वजाबाकी जिथं सोडली तिथंच उभी होती, हे मला लई आवडलं, कारण वर्ग तोवर दशांशावर गेलेला. पण वरती रडका चेहरा अन् खाली लिहिलेलं, ‘तू ११८ दिवस आला नाहीस’. पोरगं माझ्याकडं बघून म्हणालं, ‘सर, ह्याला काय म्हाईत मी फडात होतो.’ मग तो चेहरा बोटानं बाजूला सारला अन् ५०३ मधून १६८ काढायला बसला.