म्युझिक अ‍ॅपचा डान्स-इलेक्ट्रॉनिक सेक्शन सात महिने वापरला, साडेतीन स्टार

साडेतीन स्टार देतेय आणि दीड स्टार का कापला ते नीट सांगायचंय म्हणून थोडं लांबेल. अ‍ॅपचं नाव लिहीत नाहीये, कारण थोड्याफार फरकाने हाच प्रकार आधीच्या दोन अ‍ॅप्सवरही झाला होता, आणि मला खरं बोलायचंय ते इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिकची आवड माणसात कुठून येते आणि हे अ‍ॅप ती कशी मोजतं याबद्दल.

झालं असं की मी आणि माझा एक मित्र, आम्ही दोघांनी एकाच दिवशी अकाउंट उघडलं. सुरुवातीला अ‍ॅप विचारतं ना, आवडीचे तीन आर्टिस्ट निवडा, तर मुद्दाम तीन सेम नावं टाकली, बघू काय होतं म्हणून. पहिल्या आठवड्यात दोघांना जवळपास एकच लिस्ट. तिसऱ्या आठवड्यात मात्र माझ्याकडे व्होकल ट्रान्स आणि गाणारा हाऊस, म्हणजे आवाज आणि सूर पुढे असलेले प्रकार, आणि त्याच्याकडे जंगल, फुटवर्क, ग्कॉम, म्हणजे तालावर चालणारे. आम्ही काही सर्च केलं नव्हतं, लाइक केलं नव्हतं, फक्त ऐकत होतो आणि नको ते स्किप करत होतो. मग एका संध्याकाळी शेजारी बसून एकमेकांचे फोन बघितले तर लक्षात आलं की मी जवळजवळ प्रत्येक वेळी सुरुवातीलाच स्किप करतेय, आणि तो स्किप करतो गाण्याच्या मधोमध, जिथे ड्रम थांबतात आणि सिंथची लांब सुरावट चालू होते, म्हणजे बरोब्बर तिथे जिथे मला गाणं आवडायला लागतं!

याचं कारण शोधायला मला फार लांब जावं लागलं नाही. आमच्या घरी गाणं म्हणजे शब्द. आई काम करताना गायची, बाबा एखाद्या ओळीवर थांबून म्हणायचे बघ काय लिहिलंय, आणि गाणं सुरू झालं की दहा-पंधरा सेकंदात कुणीतरी गायलाच लागायचं. त्याचं घर वेगळं, तिथे हाताला लागेल त्यावर ताल धरायची सवय, टेबल, डबा, मांडी, काहीही, आणि गाण्याचे शब्द कुणालाच पाठ नसायचे. म्हणजे लहानपणी मी आवाजाची वाट बघायला शिकले आणि तो दोन ठोक्यांच्या मधली जागा ऐकायला शिकला.

आता डान्स ट्रॅक कसा बनतो ते बघा. डीजेला एक ट्रॅक दुसऱ्यात मिसळता यावा म्हणून सुरुवातीला बऱ्याचदा नुसते ड्रम ठेवलेले असतात, 16 बार किंवा 32 बार, एक बार म्हणजे चार ठोके. 128 बीपीएमचा, म्हणजे मिनिटाला 128 ठोक्यांचा ट्रॅक असेल तर 32 बार म्हणजे 128 ठोके, म्हणजे बरोब्बर एक मिनिट. मी तीस-चाळीस सेकंदात पुढे ढकलत होते म्हणजे गाणं माझ्यापर्यंत पोचायच्या आधीच मी दार लावत होते, आणि अ‍ॅप प्रत्येक वेळी समजत होतं की हिला हे आवडत नाही. पहिला अर्धा स्टार इथे गेला. स्किप का केलं हे त्याला विचारता येत नाही हे मान्य, पण या संगीतात सुरुवातीला नुसते ड्रम असतात हे तर माहीत असणारी गोष्ट आहे ना, मग पहिल्या मिनिटातलं स्किप एवढं मनावर का घ्यायचं?

कानाला वळण किती लवकर लागतं हे वाचलं तेव्हा मी खरंच थक्क झाले. 2005 मध्ये एक प्रयोग छापून आला होता, सात महिन्यांच्या बाळांना एकच सपाट ताल ऐकवला, कुठेच जोर न दिलेला, आणि ऐकवताना काहींना दर दुसऱ्या ठोक्यावर हातात धरून झुलवलं, काहींना दर तिसऱ्या. नंतर जोर दिलेले दोन्ही ताल ऐकवले तर ज्या बाळाला जसं झुलवलं होतं तोच ताल ते जास्त वेळ ऐकत होतं. म्हणजे ताल नुसता कानातून येत नाही, कुणीतरी कडेवर घेऊन झुलवतं त्यातून येतो. त्याच वर्षी आणखी एक अभ्यास, बाल्कन भागातल्या सात-सात ठोक्यांच्या वेड्यावाकड्या तालात बदल केला तर तिकडच्या मोठ्या माणसांना तो कळत होता, उत्तर अमेरिकेतल्या मोठ्यांना अवघड जात होतं, पण उत्तर अमेरिकेतल्याच सहा महिन्यांच्या बाळांना कळत होता. वर्षाचं होईपर्यंत बाळही घरच्या तालाकडे झुकलेलं असतं. म्हणून जेव्हा कुणी म्हणतं की टेक्नो म्हणजे नुसती धडधड, त्यात काय ऐकायचं, तेव्हा मला आता राग येत नाही, त्या माणसाच्या कानाने लहानपणी दुसरंच काहीतरी शोधायची सवय लावून घेतलेली असते एवढंच.

आणि गंमत म्हणजे हे संगीत बनवणाऱ्यांचंही तसंच आहे. शिकागोत 1977 ला वेअरहाऊस नावाचा क्लब सुरू झाला, तिथे फ्रँकी नकल्स वाजवायचा, तिथे येणारे बरेचसे कृष्णवर्णीय आणि समलिंगी तरुण, हाऊस हे नाव त्या क्लबवरूनच पडलं असं मानतात. त्यातले कितीतरी जण चर्चमधलं गॉस्पेल, म्हणजे तिथली भक्तिगीतं, ऐकत वाढलेले, म्हणूनच हाऊसमधला तो भरून येणारा आवाज, तेच तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत वर चढत जाणं, ते मला पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच ओळखीचं वाटलं. आईला एकदा ऐकवलं तर ती म्हणाली, अगं ही बाई अगदी मनापासून गातेय गं. शब्द तिला कळले नव्हते.

डेट्रॉइटला वेगळं. तिथे रेडिओवर इलेक्ट्रिफाइंग मोजो नावाचा डीजे जर्मनीचा यंत्रांवर वाजवणारा क्राफ्टवर्क आणि अमेरिकेतला फंक वाजवणारा पार्लमेंट-फंकाडेलिक, हे दोन्ही ग्रुप एकाच कार्यक्रमात वाजवायचा, आणि जवळच्या बेलव्हिलमध्ये शाळेत एकत्र असलेली तीन पोरं, हुआन अ‍ॅटकिन्स, डेरिक मे, केविन सॉन्डरसन, ते ऐकत मोठी झाली. जर्मन मशीनचा थंडपणा आणि फंकचा ग्रूव्ह दोन्ही एका रेडिओतून आलं तर टेक्नो होणारच. लंडनमध्ये जमैकाहून आलेल्या कुटुंबांची मुलं साउंड सिस्टिमच्या भिंतीएवढ्या स्पीकरसमोर वाढली, त्यांना बेस छातीत लागायला हवा, म्हणून जंगलमध्ये वर 160-170 च्या वेगाने तुकडे केलेले ड्रम आणि खाली निम्म्या वेगाने चालणारा रेगेचा बेस. त्यातला तो सगळ्यात प्रसिद्ध ड्रमचा तुकडा, आमेन ब्रेक, तो तर 1969 च्या एका सोल रेकॉर्डमधला आहे, सहा-सात सेकंदांचा.

मला सगळ्यात जास्त पटलेलं उदाहरण मात्र मशीनचं आहे. रोलंडचं 303 हे बेस वाजवणारं छोटं यंत्र 1981 ला आलं, गिटार वाजवणाऱ्याला साथीला बेस मिळावा म्हणून. 1982 मध्ये मुंबईचे वादक चरणजीत सिंग यांनी ते 808 ड्रम मशीनसोबत घेऊन त्यावर दहा राग वाजवले, डिस्को बीटवर, आणि ती रेकॉर्ड तेव्हा फारशी कुणाच्या लक्षात आली नाही, 2010 ला पुन्हा निघाली तेव्हा लोक चकित झाले. 1987 मध्ये शिकागोच्या फ्युचर या ग्रुपने त्याच 303 ची बटणं वाजता वाजता फिरवून तो चिरकणारा आवाज काढला आणि अ‍ॅसिड हाऊस सुरू झालं. यंत्र एकच, पण एकाने त्यात राग शोधला आणि दुसऱ्याने नाचणाऱ्या गर्दीला वेड लावेल असा आवाज शोधला, जो तो आपल्या घरचे कान घेऊन आलेला.

हे सगळं या अ‍ॅपवर आहे बरं का, हे आधी सांगायला हवं होतं. संग्रह जबरदस्त आहे, ती 1982 ची रेकॉर्डसुद्धा आहे, क्रेडिट्स दिसतात, लेबलच्या, म्हणजे रेकॉर्ड कंपनीच्या, नावावर टॅप केलं की त्या लेबलचं बाकीचं सगळं उघडतं, आणि माझा निम्मा शोध त्या एका सोयीमुळे झालाय. माणसांनी बनवलेल्या प्लेलिस्ट तर फारच सुंदर, आपोआप बनणाऱ्या लिस्टपेक्षा कितीतरी चांगल्या. त्यात एका गाण्यानंतर दुसरं का ठेवलं ते ऐकून कळतं.

पण मांडणी! इथे माझा पूर्ण एक स्टार गेला. इलेक्ट्रॉनिक उघडलं की पार्टी, वर्कआउट, फोकस. म्हणजे हे संगीत एकतर नाचायला, नाहीतर घाम गाळायला, नाहीतर पाठीमागे चालू ठेवायला. आणि अमापियानो, ग्कॉम, कुडुरो हे आफ्रिकेतले प्रकार वेगळ्या कप्प्यात, वर्ल्ड म्हणून. दक्षिण आफ्रिकेत नव्वदच्या दशकात हाऊसचा वेग उतरवून क्वाइटो झालं, डीप हाऊस तिथे घराघरात पोचलं, त्यातून पुढे अमापियानो आलं, 110-115 बीपीएमच्या आसपास, किक, म्हणजे तो जड धप्प ठोका, कधी असते कधी नसते, शेकर चालू आणि लॉग ड्रम नावाच्या ठोकेदार आवाजाचा बेसच गाणं पुढे नेतो. हे डान्स म्युझिक नाही तर काय आहे? हा कप्पा ज्याने बनवला त्याच्या कानाला चार ठोक्यांवर चार किक म्हणजे डान्स आणि बाकीचं म्हणजे दुसऱ्यांचं असं वाटत असणार, आणि तीच सवय आता लाखो लोकांच्या स्क्रीनवर जातेय याचं मला मनापासून वाईट वाटतं. माझ्या मित्राला ग्कॉम पहिल्याच दिवशी आवडलं असतं, त्याच्यापर्यंत ते तिसऱ्या आठवड्यात पोचलं.

सेटिंगबद्दल पटकन. क्रॉसफेड माझ्याकडे आपोआप चालू होतं, ते शून्य करा, नाहीतर एका ट्रॅकचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीवर चढतो. गॅपलेस, म्हणजे दोन ट्रॅकमध्ये खंड न पडू देणारं सेटिंग, चालू ठेवा, मिक्स अल्बमला लागतंच. आणि कृपा करून जंगल किंवा डबस्टेप फोनच्या स्पीकरवर ऐकून मत बनवू नका, 40-50 हर्ट्झचा सब-बेस त्यातून येतच नाही, मग ते गाणं पोकळ वाटतं आणि आपण म्हणतो आपल्याला हे जमत नाही. मी दोन वर्षं तसंच म्हणत होते. साधे बऱ्यापैकी हेडफोन लावले आणि डबस्टेप कळलं, एवढी साधी गोष्ट.

मागच्या महिन्यात आम्ही दोघांनी दोन आठवडे अकाउंट बदलून वापरले. नियम एकच, पूर्ण ट्रॅक ऐकायचा. पहिले चार दिवस मला जड गेले, खोटं कशाला सांगू, आवाज कधी येतोय याची वाट बघत बसायचे आणि तो यायचाच नाही. मग एका ट्रॅकमध्ये हाय-हॅट, म्हणजे ड्रममधली झांजांची जोडी, नुसता थोडा उघडला, दुसरं काहीच बदललं नाही, आणि मला त्याचा एवढा आनंद झाला की मी ते मागे नेऊन तीनदा ऐकलं. त्याला ट्रान्सचे ब्रेकडाउन, म्हणजे ड्रम थांबतात ते मधले भाग, अजून आवडत नाहीत, पण गॉस्पेलवाला हाऊस तो आता स्वतःहून लावतो.

प्लॅन चालू ठेवतेय. सध्या टांझानियातल्या दार-एस-सलामचं सिंगेली हे नाचाचं संगीत ऐकतेय, दोनशे बीपीएमच्या वर, पाय कुठे टाकायचा तेच अजून कळत नाहीये, आज चौथ्यांदा लावलंय.